दुसऱ्या वेळी ताप होता की नव्हता

पहिल्या पाळीवरून बाबा घरी आले, चपला काढल्या आणि पाय धुवायच्या आधीच म्हणाले, "तुझं नाव उडालं."

मला काही कळेना. कशातून उडालं? मतदार यादीतून? रेशनकार्डावरून? बाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. तळोज्याच्या ज्या केमिकल कंपनीत ते बॉयलरवर काम करतात, तिच्या मेडिक्लेमची नव्या वर्षाची कार्डं आली होती. दर वर्षी तीन यायची, त्यांचं, आईचं आणि माझं. या वेळी दोनच होती.

"चूक झाली असेल त्यांची," मी म्हणाले.

"मीही तेच धरून चाललो होतो. जेवणाच्या सुट्टीत एचआरमध्ये जाऊन आलो. तिथली मुलगी म्हणाली, चूक नाही काका, तुमच्या मुलीला पंचवीस पूर्ण झाली. पंचवीसनंतर मुलं पॉलिसीत राहत नाहीत."

"मग कुठे जातात?" आईने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

पंचविसावा वाढदिवस होऊन दीड महिना झाला होता. केक कापला होता, आईने पावभाजी केली होती, मैत्रिणी आल्या होत्या. त्या संध्याकाळी आपण कशातून तरी बाहेर पडतोय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तसं त्या कार्डाचं काम मला आयुष्यात एकदाच पडलेलं, अकरावीत अपेंडिक्स काढलं तेव्हा. पण ते होतं. आता नाही म्हटल्यावर उगीच पोटात दुखल्यासारखं वाटायला लागलं.

मी पनवेलमध्ये कस्टम क्लिअरिंगच्या एका लहान ऑफिसात काम करते. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या कंटेनरमध्ये काय माल आहे, किती आहे, तो जकातीच्या कुठल्या कोडखाली येतो, हे कागदावर बरोबर उतरवणं हे माझं काम. ऑफिसात आम्ही सहा जण आणि सातवे साहेब. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं, आपल्याकडे स्टाफसाठी मेडिक्लेम काढता येईल का? ते म्हणाले, "अगं, मी स्वतः बायकोच्या ऑफिसच्या पॉलिसीत आहे."

मग मी एका वेबसाइटवर माझं वय आणि मोबाईल नंबर टाकला. पुढचे आठ दिवस फोन थांबले नाहीत. सकाळी रिक्षात, दुपारी डबा उघडताना, साहेबांसमोर उभी असताना. प्रत्येक फोनवरचा आवाज गोड होता आणि प्रत्येक आवाज आधीच्या आवाजाने सांगितलेलं खोडून काढत होता. एक म्हणे पहिल्या दिवसापासून सगळं मिळतं. दुसरी म्हणे पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. तिसरा म्हणे हॉस्पिटलच्या रूमच्या भाड्याला मर्यादा असेल तर घेऊच नका, चौथा म्हणे मर्यादा असलेलीच तुमच्यासारख्यांना परवडते. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. रोज कंटेनरभर माल कोडांमध्ये बसवणारी मी, मला वाटलं हे तर चुटकीसरशी होईल. तक्त्याचे रकाने वाढत गेले. कुणी बोलत असेपर्यंत सगळं समजायचं आणि फोन ठेवला की डोकं कोरं.

एका मुलीने मात्र मनापासून वेळ दिला. ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं वडिलांच्या ग्रुप पॉलिसीत होतात ना? ती वर्षं नव्या पॉलिसीत धरून घेता येतात, थांबायची मुदत तेवढी कमी होते. अर्ज करा." मी लगेच बाबांच्या एचआरला फोन लावला.

"तो अर्ज नाव निघायच्या आधी करायचा असतो मॅडम," तिकडून उत्तर आलं.

"पण नाव निघणार हे मला माहीतच नव्हतं."

"पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं आहे."

"तो कागद कुणाकडे असतो?"

"आमच्याकडे."

शेवटी आईच म्हणाली, विचुंब्याच्या काकूंना बोलाव. या काकू आईच्या भिशीतल्या. विचुंब्याला नव्या इमारती झाल्या तेव्हापासून तिथे राहतात आणि गेली वीस वर्षं विम्याच्या पॉलिस्या करतात. रविवारी सकाळी त्या आल्या. खांद्याला मोठी पिशवी, हातात टॅब. त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि तो बंद करून ठेवला. "एवढं वाचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू तरुण आहेस, धडधाकट आहेस. वीस मिनिटांत करून टाकू."

बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. आई स्वयंपाकघरात पोहे परतत होती. काकू टॅबवर बघून प्रश्न वाचायच्या, मी उत्तर द्यायचे, त्या बोटाने खूण करायच्या. तंबाखू? नाही. बीपी, शुगर, थायरॉइड? नाही. ऑपरेशन? अपेंडिक्स, त्याची फाइल आहे. दमा, टीबी? नाही.

"फिट्स, आकडी, मेंदूचा काही आजार?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही," बाबाही पेपरमागून म्हणाले.

तोवरच्या एकाही प्रश्नाला ते बोलले नव्हते. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते.

सगळं झालं. काकू म्हणाल्या, आता तुझ्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगितलास की फॉर्म गेला. ओटीपी आला. मी पहिले दोन आकडे वाचले असतील नसतील, आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "थांब गो."

माझी आई उरणकडच्या खेड्यातली, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. पनवेलला आल्यावर तिने इथली भाषा उचलली, पण मनातून हलली की तिची गावची बोली परत येते. तिने बशा टीपॉयवर ठेवल्या आणि काकूंना म्हणाली, "ताई, ती आकडी लिवा. हिला लहानपनी दोनदा आलेली."

ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं मला वाटलं. "कुणाला?" मी विचारलं.

"तुला."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "काय गरज होती?" ते आईला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट खूप हळू होता. "वीस वर्षं झाली. काय गरज होती आत्ता?"

"उद्या हिला काय झाला आन् त्यांनी पैशे नाय दिले तर? खोटं लिवलं म्हनले तर?"

दोघं एकमेकांकडे बघत होते आणि मी दोघांकडे. मोबाईलवर ओटीपीची मुदत संपली. काकूंनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. त्या म्हणाल्या, "भाऊ, वहिनी, मी काही ऐकलंच नसतं तर फॉर्म गेला असता. आता मी ऐकलं. माझ्या हाताने मी तिथे 'नाही' करणार नाही. तुम्ही तिघं बसा, बोला, मग मला फोन करा." पोहे खाऊन त्या गेल्या. पोहे मात्र त्यांनी पूर्ण खाल्ले.

त्या दुपारी आईने जे सांगितलं ते असं. मी चार वर्षांची असताना मला खूप ताप आला होता आणि तापात हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात होतं असं, घाबरू नका. मग साडेपाच वर्षांची असताना पुन्हा एकदा. त्यानंतर डॉक्टरांनी औषध चालू केलं ते तीन वर्षं. पुढे कधीच काही झालं नाही.

औषध म्हटल्यावर मला गुलाबी सिरप आठवलं. सकाळ-संध्याकाळ एक चमचा. हाडं मजबूत होण्यासाठी आहे, असं मला सांगितलं होतं. शाळेत मी फुशारकीने सांगायचे की मी हाडांचं औषध घेते.

"मला का नाही सांगितलं?"

आईने तिच्या आत्याची गोष्ट काढली. ही आत्या मिठागरावर काम करता करता आकडी येऊन पडायची. लग्न करून दिलं, सासरी कळलं, आणि महिन्याभरात तिला आणून बापाच्या दारात सोडलं. मरेपर्यंत ती तिथेच राहिली. "तुझ्या टायमाला मी ह्यांना शपथ घातली," आई म्हणाली. "मी, हे आन् डॉक्टर. चौथ्याला नाय सांगायचा. तुला पन नाय."

पुढचे काही दिवस मी घरात वावरताना एकेका गोष्टीकडे थांबून बघत होते. आमच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. आहे ती मोडली आणि परत लावायची राहिली, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी आत गेले की आई बाहेर काहीतरी गुणगुणत झाडत असायची. शाळेची सहल रिसॉर्टला गेली तेव्हा मला पाण्यात उतरू दिलं नव्हतं, त्वचेला क्लोरीन सोसत नाही म्हणून. परीक्षेच्या दिवसांत जागून अभ्यास करायला सक्त मनाई. स्कूटर शिकायला बाविसाव्या वर्षी परवानगी मिळाली, आणि तेव्हा पहिला महिनाभर बाबा मागे त्यांची मोटरसायकल घेऊन यायचे. मला ही आमच्या घराची वळणं वाटत होती. प्रत्येक घराची काहीतरी असतात. आता मला समजेना की त्यातलं वळण कुठलं आणि भीती कुठली. आईला विचारलं तर ती म्हणाली, क्लोरीनचं मात्र खरं होतं.

राग आला का? आला. पण तो नेमका कशाचा हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी आजारी होते याचा, की आता नाही याचा, की हे सगळं मला विम्याच्या फॉर्ममुळे कळावं याचा.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तापातली आकडी असेल तर कंपन्या फारसं मनावर घेत नाहीत. पण दुसऱ्या प्रकारची, बिनतापाची असेल तर प्रकरण वेगळं. कुठली होती ते डॉक्टरांकडून लिहून आण."

ते डॉक्टर जुन्या पनवेलात तळ्याजवळ बसायचे. त्यांच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आहे. दुकानदाराने सांगितलं, डॉक्टर थकलेत, मुलीच्या दवाखान्यात सकाळी तासभर बसतात. आम्ही तिघंही गेलो. बाबांनी त्यासाठी पाळी बदलून घेतली.

डॉक्टर खूप म्हातारे झाले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. आईने सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "बाळ, मला तू आठवत नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. जुने केसपेपर दवाखाना बंद केला तेव्हा गेले."

"पण तुम्ही तीन वर्षं औषध दिलंत," मी म्हणाले.

"दिलं ना? मग मला काहीतरी वाटलं असणार."

"काय वाटलं असणार?"

ते हसले. "आता मी तेव्हाच्या माझ्या डोक्यात कसा शिरू?" मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "दुसऱ्या वेळी ताप होता?"

"होता," आई म्हणाली.

"नव्हता," बाबा म्हणाले.

आईने झटकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी काय बोलता? ताप होता. तुमीच सांगितलात मला, ताप होता."

"तुला सांगितलं," बाबा म्हणाले. "डॉक्टरांना खरं सांगितलं होतं."

डॉक्टरांच्या मुलीचा दवाखाना अगदी छोटा आहे. बाहेर बसलेल्या पेशंटना सगळं ऐकू जात असावं. आई उठली, पर्स घेतली, परत बसली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. ते म्हणाले, "अशा वेळी माणूस घाबरलेला असतो. अंगाला हात लावून कळतंच असं नाही. ताप असेलही, नसेलही." मग त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या. आईवडिलांनी सांगितलेल्या माहितीनुसार बालपणी दोनदा झटके, तीन वर्षं औषध, नंतर काही त्रास नाही. "यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "मला आठवत नाही ते मी कसं लिहू?"

बाहेर आल्यावर आई एकटी रिक्षात बसून घरी गेली. बाबा आणि मी उसाच्या रसाच्या दुकानात बसलो. बाबा स्वतःहून बोलायला लागले.

"तुझी आई लग्नाला गावी गेलेली. आपण दोघंच होतो. तू जमिनीवर बसून चित्र काढत होतीस. मी भात लावत होतो. वळून बघतो तर तू आडवी. मी कपाळाला गाल लावून पाहिला. अंग गार होतं. तुला उचलून तसाच पळालो, पायात चप्पलसुद्धा नव्हती. आई परत आली तेव्हा तिला कसं सांगू? तिच्या डोक्यात ती आत्या. तापच होता म्हटलं. ती म्हणाली, देवाची कृपा. मग मीही ताप होता असंच म्हणत गेलो. इतक्या वर्षांत कधी कधी मलाही वाटायला लागलं की असेल."

"खरं काय मग?"

"गार होतं," बाबा म्हणाले. मग ग्लास फिरवत म्हणाले, "पण माझा गाल चुलीपाशी तापलेला असेल, तर मला गार लागणारच ना?"

आमच्या घरी तेव्हाही गॅसच होता. पण मी त्यांना ते बोलून दाखवलं नाही.

आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्या डब्यात त्यांना आवडणारी सुकटीची चटणी दिली, त्यावरून कळलं की आता ठीक आहे.

मी नवी मुंबईतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याला चिकट मलम लावून तारा जोडल्या, डोळे मिटा, उघडा, जोरजोरात श्वास घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला. मी विचारलं, "म्हणजे मला तो आजार नव्हता?"

"म्हणजे आज काही दिसत नाही."

"तेव्हा होता?"

"तेव्हाचा रिपोर्ट आहे का?"

"नाही."

"मग हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही ठणठणीत आहात. इतकी वर्षं औषधाशिवाय काही झालेलं नाही. विसरून जा."

"फॉर्मवर काय लिहू?"

"ते मला नका विचारू," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

काकू पुन्हा आल्या. या वेळी त्या प्रश्नाला 'होय' केलं. लगेच खाली आजारांची यादी उघडली, त्यातून एक निवडायचा. अपस्मार होता. मेंदूतली गाठ होती. लकवा होता. तापातली आकडी नव्हती आणि 'नक्की माहीत नाही' तर नव्हतंच. सगळ्यात शेवटी 'इतर' होतं. आमच्या कामात 'इतर' लिहिलं की अधिकारी हमखास कंटेनर उघडायला लावतो, हे मला पक्कं ठाऊक. तरी 'इतर' निवडलं. दुसरं करणार काय?

आठ दिवसांत मेल आला. आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही याबद्दल दिलगीर आहोत. कारण दिलेलं नव्हतं. बाबा तो वाचून पिशवी घेऊन बाजारात गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. आई म्हणाली, "माझ्या तोंडानं घात केला." मी तिला म्हणाले की तसं नाही. पण त्या क्षणी मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. त्या रविवारी तिने 'थांब' म्हटलं नसतं तर माझ्या हातात कार्ड असतं. त्या कार्डाने वेळेला काम केलं असतं की नसतं हे मात्र माहीत नसतं.

काकूंनी हार मानली नाही. "दुसऱ्या कंपनीचा कागदी फॉर्म आहे, त्यात मोकळी जागा असते," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं लिही. आई काय म्हणते, बाबा काय म्हणतात, सगळं."

मी लिहिलं. पहिल्यांदा ताप होता. दुसऱ्यांदा आईच्या म्हणण्याप्रमाणे होता, पण ती घरी नव्हती. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे नव्हता, पण आता त्यांना खात्री नाही. डॉक्टरांना आठवत नाही. कागदपत्रं उपलब्ध नाहीत. अशा भाषेत कस्टमकडे अर्ज गेला असता तर साहेबांनी मला कामावरून काढलं असतं.

पंधरा दिवसांनी दुपारी ऑफिसात फोन आला. कंपनीचे डॉक्टर होते, हिंदीत बोलत होते. मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

"मॅडम, सेकंड टाइम बुखार था या नहीं था?"

"सर, मम्मी बोलती हैं था. पापा बोलते हैं नहीं था."

"आप क्या बोलते हो?"

"सर, मैं साढ़े पाँच साल की थी."

ते हसले नाहीत. पुढचा प्रश्न विचारला, बेशुद्ध किती वेळ होतात? तेही मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, पापा को पूछके बताती हूँ. बाबा बॉयलरवर असले की फोन उचलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, रहने दो.

पॉलिसी मिळाली. हप्ता थोडा चढा आणि एक अट. फिट्स किंवा त्यासंबंधी कुठल्याही आजारासाठी तीन वर्षं काही मिळणार नाही. त्या अटीसमोर आजाराचं नाव छापलेलं आहे, अपस्मार. यादीतलं.

बाबांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं. "म्हणजे तुला तो आजार होता, असं ठरलं?"

"त्यांनी ठरवलं."

"डॉक्टर तर नाही म्हणाले."

"डॉक्टर नाही म्हणाले नाहीत बाबा. माहीत नाही म्हणाले."

"मग यांना कसं माहीत?"

एकाही डॉक्टराने जे लिहून दिलं नाही ते आता माझ्या नावापुढे छापील आहे. आणि तीन वर्षं काही झालं नाही, तर चौथ्या वर्षापासून ते झालं तरी चालणार आहे. काकूंना विचारलं, हे बरोबर समजलं का मला? त्या म्हणाल्या, अगदी बरोबर.

कागद द्यायला आल्या तेव्हा निघता निघता काकू बाबांना म्हणाल्या, "भाऊ, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलं ना? तेव्हा कंपनीची पॉलिसी तुम्हा दोघांचीही थांबेल. आत्तापासून बघा." बाबांनी आईकडे पाहिलं. हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून मागच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन दोघांसमोर बसले. आधी आईला विचारलं. तिने सगळं सांगितलं, इतकं की मला लिहिणं जमेना. शुगर, गुडघा, विहिरीवर पडून मनगट मोडलेलं, सातवीत असताना झालेली कावीळ, गेल्या वर्षी काढलेली दाढ. दाढ लिहायची गरज नाही म्हटलं, तर म्हणाली, "लिव. मागाहून कटकट नको."

मग बाबांची पाळी. बीपी? नाही. शुगर? काठावर. छातीत दुखणं, धाप लागणं?

आईने हातातली भाजी निवडायची थांबवली. मी प्रश्न परत वाचला नाही.

"थंडीत," ते म्हणाले. "बॉयलरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर चढताना. दोन-तीनदा बसावं लागलं होतं पायरीवर. जास्त काही नाही. पाच मिनिटांत गेलं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगायचं त्यात?"

टाइप करायचं की आधी ओरडायचं, ते मला कळेना. मी लॅपटॉप बाजूला सारला आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली, मिळाली ती पुढच्या आठवड्यातल्या सोमवारची. बाबा म्हणाले, सोमवारी पहिली पाळी आहे. आई म्हणाली, बदलून घ्या. त्यांनी बदलून घेतली.

तो सोमवार उद्या आहे. दोघांचा फॉर्म अजून अर्धाच भरलेला आहे.